ओपन इलेक्टिव्ह निवडताना नाव बघू नकोस, असाइनमेंट बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे: एस.वाय. बी.एस्सी., मेजर केमिस्ट्री, घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराजवळ, वडिलांची मासेमारी बोट. या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्हसाठी तीन पर्याय समोर आहेत. एक तंत्रज्ञान आणि माणसाची स्वतःची ओळख यावरचा, दुसरा मानवी कामगिरी आणि क्रीडा मानसशास्त्र, तिसरा वैयक्तिक अर्थनियोजन. मैत्रिणी तिसरा घेतायत, कारण त्यात मार्क सुटतात. पहिल्या दोनमध्ये नुसत्या गप्पा असतात का, पुढे एम.एस्सी.ला किंवा नोकरीला त्यांचा काही उपयोग आहे का, आणि प्रोजेक्ट मराठीत लिहिला तर चालतो का?

मी मानसशास्त्र शिकवते. या जातीचे विषय आधी सर्टिफिकेट कोर्स म्हणून आणि आता ओपन इलेक्टिव्ह म्हणून बरीच वर्षं हाताळतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दोनपैकी एक घे, पण कोणता ते नावावरून ठरवू नकोस. दोन्ही विभागांत जा आणि इंटर्नलच्या मार्कांसाठी काय करावं लागतं ते विचार. ‘पीपीटी आणि एमसीक्यू’ असं उत्तर आलं तर सरळ अर्थनियोजन घे, निदान कर्जाचा हप्ता कसा बसतो ते तरी कळेल. कुणा माणसाचं काम जवळून बघायला आणि ते नोंदवायला सांगत असतील, तर तो विषय डोळे मिटून घे.

नियमांचं दोन ओळींत सांगते. २०२३ च्या शासन निर्णयानुसार ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, म्हणून तुला हे पर्याय दिसतायत. दोन क्रेडिटचा थिअरी विषय म्हणजे एकूण तीस तास. तेवढ्या वेळात तत्त्वज्ञान, मेंदूविज्ञान, खेळ, कायदा आणि एआय असं सगळं उरकणारा सिलॅबस दिसला की समजावं, यात काहीच धड शिकवलं जाणार नाही. शाळेत ‘विज्ञान: शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिलाय. त्यातलं ‘विज्ञान’ खोडून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ घातलेले विषयही मी पाहिलेत. तिथे खरोखरच नुसत्या गप्पा असतात.

चांगल्या विषयात प्रश्न एवढाच असतो: हातात साधन आलं की काम कोणी केलं असं म्हणायचं, आणि ते करणाऱ्या माणसाचं स्वतःबद्दलचं मत त्याने कसं बदलतं? याचं उत्तर पुस्तकातून अर्धंच मिळतं. बाकीचं अर्धं तुझ्या घरासमोर वाळूत ओढून ठेवलेलं आहे.

१९९८ मध्ये अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यात ओटो नावाचा काल्पनिक माणूस आहे, अल्झायमर झालेला. लागणारी प्रत्येक गोष्ट तो वहीत टिपून ठेवतो. न्यूयॉर्कचं एक संग्रहालय ५३ व्या रस्त्यावर आहे हे इंगा नावाच्या बाईला आठवतं आणि ती तिथे जाते. ओटो वही उघडून बघतो आणि तोही तिथेच पोचतो. लेखक म्हणतात, वही सतत त्याच्याजवळ असते, लगेच उघडता येते, त्यातल्या मजकुरावर तो शंका न घेता विसंबतो. मग ती वही त्याच्या मनाचा भाग का मानू नये? वर्गात हे सांगितलं की निम्मी मुलं हसतात. मग मी तांडेलाची, म्हणजे मासेमारी बोटीच्या कप्तानाची, गोष्ट काढते.

जुना तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून समुद्रातली जागा धरायचा. तुमच्याकडे सुवर्णदुर्गाचा बुरूज, दीपगृह, मागच्या डोंगराची सोंड अशा खुणा. दोरीला वजन बांधून खोली मोजायची आणि तळ चिखलाचा आहे की खडकाळ तेही त्यातच ओळखायचं. आज त्याच बोटीवर जीपीएस असतो, फिशफाइंडर असतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना येते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून मोजून ती काढलेली असते. थंड आणि गरम पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक (पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं आणि त्यामागे मासा येतो.

आता जाळं भरून आलं तर श्रेय कुणाचं, यावर वर्गात तास सहज जातो. मला मात्र त्यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. जीपीएसमध्ये साठवलेले पॉइंट कुणाचे? जुन्या तांडेलाने मालक बदलला तर खुणा त्याच्या डोक्यात असल्याने त्याच्याबरोबर जायच्या. यंत्र बोटीवर बसवलेलं असलं की पॉइंट बोटीवरच राहतात. ओटोची वही निदान ओटोची होती. इथे वही मालकाची आहे. ‘मनाचा विस्तार’ ही कल्पना मांडणाऱ्यांना मजुरीच्या व्यवहारात या प्रश्नाला सामोरं जावं लागलं नव्हतं. हर्णैच्या मुलीला मात्र तो पहिल्या दिवशी दिसू शकतो. तुझे वडील मालकही असतील आणि तांडेलही, मग त्यांच्यापुरता प्रश्न सुटतो, पण त्यांच्या खलाशांपुरता सुटत नाही.

‘जीपीएस आला आणि माणसाची स्मरणशक्ती गेली’ हे वाक्य मात्र इतक्या घाईत लिहू नकोस. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूवरचा २०००चा अभ्यास सगळे सांगतात. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला जागा आणि रस्ते लक्षात ठेवणारा भाग, त्याची मागची बाजू त्यांच्यात मोठी आढळली हे खरं. पण त्यावरून फोन वापरणाऱ्याचा मेंदू आक्रसतो असं सिद्ध होत नाही, तो वेगळा दावा आहे. माहिती इंटरनेटवर मिळणार हे कळलं की आपण ती लक्षात ठेवत नाही, असं सांगणारं २०११ मधलं संशोधन फार गाजलं. त्यातला पहिला प्रयोग २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने पुन्हा करून पाहिला तेव्हा तोच निष्कर्ष मिळाला नाही. शिक्षक अशा गोष्टी स्वतःहून सांगत असतील तर त्या वर्गात बसण्यात अर्थ आहे. केमिस्ट्रीच्या मुलांना हे चटकन पटतं. लॅबमध्ये रीडिंग पुन्हा घेतल्याशिवाय तुम्ही लिहीत नाही.

आता ओळखीचा भाग, आणि इथे केमिस्ट्री कामाला येईल. काजूच्या टरफलात जे तेल असतं त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, त्याने कातडी भाजते आणि सोलवटते. काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून काम करतात, हातमोजे मिळाले तर ते घालतात. तरी वर्षानुवर्षांच्या कामात बोटांच्या रेषा पुसट होतातच. चिऱ्याच्या खाणीवर दगड उचलणाऱ्यांचं आणि जाळं ओढणाऱ्यांचंही तेच होतं. मग रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही. पुसून लाव, दुसरं बोट लाव, मशीन परत चालू कर. मागे रांग.

देशातले पहिले आधार क्रमांक २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिले गेले. ज्यांच्याकडे ओळखीचा कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू होता, आणि अनेकांना ती मिळाली, हेही वर्गात सांगायला हवं. पण ज्या बाईला सगळी वाडी नावाने ओळखते, तिला आपण आपणच आहोत हे यंत्राला पटवावं लागतं, आणि पटवण्याचा पुरावा तिच्या कामानेच घासून गेलेला असतो. बुबुळ स्कॅन आणि ओटीपी हे पर्याय आहेत. ज्या वाडीत रेंज नाही तिथल्या म्हातारीला ओटीपी कसा पोचतो, हे एकदा दुकानात उभं राहून बघ. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल या विषयात शिकवतातच. मी तो या रांगेनंतर शिकवते, आधी नाही.

एका मुलीने माझ्याकडे याच रांगेवर प्रोजेक्ट केला होता. कोणाचा अंगठा किती वेळा लावावा लागला आणि त्या व्यक्तीचा व्यवसाय काय, एवढीच नोंद. तक्ता साधाच होता, पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला इतके प्रश्न विचारले की पुढच्या मुलांना ताटकळत बसावं लागलं.

मानवी कामगिरीच्या विषयाकडे वळते. तो बहुधा खेळाच्या अंगाने शिकवतील. तुला खेळात रस नसला तरी बिघडत नाही, कारण कामगिरी मोजायची कशी हा वाद खेळात सगळ्यात उघडपणे चालतो. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला. इतक्या लांब फेकीसाठी मैदान अपुरं पडायला लागलं, म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला. भाला लवकर नाक खाली करून पडू लागला आणि विक्रमांची वही नव्याने उघडली. नीरज चोप्राने मे २०२५ मध्ये दोहाला ९०.२३ मीटर फेक केली, ती या बदललेल्या भाल्याने. मग ‘आजवरची सर्वांत लांब फेक’ कुणाची? २००९ च्या रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, त्यात पॉलियुरेथेनच्या पोहण्याच्या पोशाखांचा मोठा हात होता. २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. बदललेली गोष्ट प्रत्येक वेळी साधन होती आणि निकाल मात्र माणसाच्या नावावर लागत होता.

साधन बदलता येतं, शरीराचं काय? धावपटू द्युती चंदला शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवरून २०१४ मध्ये स्पर्धेतून वगळलं. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. पुढे नियम पुन्हा बदलले, वाद संपलेला नाही. निसर्गाने दिलेली उंची चालते, निसर्गाने दिलेलं संप्रेरक का नाही, यावर वर्गात दोन तट पडतात आणि पडायलाच हवेत.

जयपूर फूट मी या चर्चेला जोडून घेते. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी तो पाय घडवला. त्या काळचे आयात केलेले कृत्रिम पाय बूट घालून चालणाऱ्यासाठी होते. आपल्या माणसाला उकिडवं बसायचं असतं, मांडी घालून जेवायचं असतं, अनवाणी चिखलात उतरायचं असतं. पाय चांगला की वाईट हे ठरवताना धावण्याचा वेग बघायचा की पंगतीत बसता येतं का ते बघायचं, हा प्रश्न मला सगळ्या विक्रमांपेक्षा मोठा वाटतो. (भात लावणीला उतरता येतं का, हीसुद्धा माझ्या लेखी कामगिरीच. क्रीडाशास्त्रवाले सहकारी यावर माझ्याशी भांडतात.)

आकड्यांबद्दल एक तुमच्या शेजारचं उदाहरण देते. मुर्डी तुमच्यापासून लांब नाही. तिथले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्याकडे तेव्हापासून ‘रँग्लर’ ही पदवीच असल्यासारखी त्यांच्या नावाला चिकटली. पण १९०९ नंतर केंब्रिजने ही क्रमवारी जाहीर करणं बंद केलं. क्रमांकासाठी मुलं खासगी शिक्षकांकडे ठरावीक गणितांची तयारी करत बसायची आणि गणित बाजूला राहायचं, अशी तक्रार होती. माप हेच ध्येय झालं की ते माप म्हणून निकामी होतं, हे तत्त्व पुढे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. मैत्रिणी तिसरा विषय का घेतायत ते तूच प्रश्नात लिहिलंयस.

मनगटावरच्या घड्याळातली दहा हजार पावलंही याच घरातली. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय अभ्यासातून नाही. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात रोज साधारण साडेसात हजार पावलांपुढे मृत्युदरात आणखी घट दिसली नाही. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या, घाटी चढून बाजारात जाणाऱ्या बाईला हे घड्याळ काय सांगणार, असं एकदा एका मुलाने वर्गात विचारलं होतं. त्याला मी घड्याळ देऊन आईच्या हातात बांधायला सांगितलं. पुढे काय झालं ते त्याने लिहिलंय, पण ते त्याचं आहे, इथे नाही सांगत.

सिंधुदुर्गातून आलेली मुलं दशावतारावर लिहितात. तो विषय पहिल्या इलेक्टिव्हमध्ये उत्तम बसतो. लिहिलेली संहिता नसते, कथेचा आराखडा ठरलेला असतो आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे सुचतात. आता प्रयोग मोबाइलवर चित्रित होऊन रात्रीत सगळीकडे पोचतो. काल एका गावात सुचलेला विनोद उद्या दुसऱ्या गावच्या प्रेक्षकाने आधीच पाहिलेला असतो. अशा वेळी नट काय करतो: नवं शोधतो, की गाजलेलंच पुन्हा म्हणतो कारण लोक त्याचीच वाट बघतात? याचं उत्तर नटाशी रंगपटात बसून बोलल्याशिवाय मिळत नाही, आणि रंगपटात बसायला तो परवानगी देतोच असं नाही.

उपयोगाचं विचारलंयस. एम.एस्सी.च्या प्रवेशाला या दोन क्रेडिटनी फरक पडणार नाही, खोटं कशाला सांगू. नोकरीला मात्र पडू शकतो. केमिस्ट्री करून तुमच्या भागातली बरीच मुलं लोटे परशुरामच्या केमिकल कारखान्यांत जातात. तिथे काय उपयोग होईल ते एका जुन्या उदाहरणाने सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांचे फ्लॅप (मागच्या हलत्या पट्ट्या) मिटण्याऐवजी चाकंच मिटत होते आणि विमान पोटावर आपटत होतं. अहवालात ‘वैमानिकाची चूक’ लिहिलं जायचं. अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्हीचे खटके शेजारी-शेजारी आणि एकसारखे आहेत. चाकाच्या खटक्याला रबराचं छोटं चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार दिला आणि तो घोटाळा थांबला. तू ज्या प्लँटमध्ये जाशील तिथे दोन सारखे व्हॉल्व्ह शेजारी असतील, रात्रपाळी असेल, आणि काही बिघडलं की ऑपरेटरचं नाव लिहिलं जाईल. हे बघायची सवय असलेली केमिस्ट सेफ्टी विभागाला हवी असते. यात आणखी पुढे जायचं असेल तर मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून चालणारी डिझाइनची शाखा आहे, तिथे अर्गोनॉमिक्स, म्हणजे साधन आणि कामाची जागा माणसाला सोयीची कशी करायची ते, शिकवतात.

पहिला विषय घेतलास तर प्रोजेक्ट वडिलांच्या बोटीवरच कर, आणि लगेच सुरू कर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि माणसं घरी असतात. तुझं सेमिस्टरही त्याच सुमाराला सुरू होतं. वडिलांना किंवा एखाद्या जुन्या तांडेलाला कोऱ्या कागदावर नेहमीच्या जागा आठवणीने काढायला सांग, खुणांसह. तेच काम विशीतल्या खलाशाकडून करून घे. मग दोन्ही कागद जीपीएसमधल्या पॉइंटशी ताडून बघ. समुद्रात कुणालाही यंत्र बंद करायला लावायचं नाही, प्रयोगासाठीसुद्धा नाही. जिथे अंतर जास्त पडेल त्याच जागांबद्दल पुढचे प्रश्न विचार. आणि नेमके पॉइंट रिपोर्टमध्ये छापू नकोस. ते त्यांच्या पोटापाण्याचं गुपित आहे. नकाशावर अंतराचा फरक दाखवलास तरी पुरे. ज्यांच्याशी बोलशील त्यांची परवानगी आधी घे, नावं बदल. घरच्या माणसांनाही हाच नियम, उलट तिथे जास्त, कारण वडील मुलीला नाही म्हणत नाहीत.

मराठीत लिहिण्याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्येच विद्यापीठांना सांगितलं की विषय इंग्रजीतून शिकवला तरी विद्यार्थ्याला स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. तरी विभागप्रमुखांकडून आधी लेखी होकार घे, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी वाद नको. मुलाखती मात्र ज्या बोलीत होतील त्याच बोलीत उतरव. वाऱ्याला, पाण्याच्या रंगाला, तळाच्या चिखलाला तांडेल जे शब्द वापरेल ते पुस्तकी मराठीत फिरवू नकोस. तसेच लिही आणि अर्थ समासात दे. रेकॉर्डिंग फोनवर करत असशील तर वाऱ्यात काही ऐकू येत नाही, त्यामुळे जाळी विणायला बसतात त्या पडवीत बसून कर.